आधी मीटर, मग बॉनेट

गाडीचं बॉनेट उघडण्याआधी केबिनचं दार उघडून मीटर बघणाऱ्या समस्त मंडळींविरुद्ध मला तक्रार नोंदवायची आहे. प्रकरण सविस्तर आहे, तेव्हा चहा सांगून घ्या. तुमच्याकडे पिकअप नसेलही; पण ट्रॅक्टर असेल, रिक्षा असेल, निदान दहा वर्षं वापरलेली मोटार असेल. म्हणजे तुम्हीही बाधित पक्षच आहात.

तुम्ही गाडी घेऊन जाता, काय होतंय ते सांगायला तोंड उघडता, आणि समोरचा माणूस तुमच्याकडे पाठ करून केबिनमध्ये डोकावतो. तिथं त्याला सहा आकडे दिसतात. आमच्या गाडीचे तीन लाखांच्या पुढे गेलेत. तो मान बाहेर काढतो, हात पुसतो आणि म्हणतो, ‘‘तीन लाख झालं की शेठ.’’ झालं. तपास तिथं संपतो. त्यापुढं जे चालतं तो अंदाज, आणि नंतर हातात पडतं ते अंदाजाचं बिल.

तीन लाख किलोमीटर चाललेल्या गाडीत बिघाड होणार, यावर माझं काहीच म्हणणं नाही. माझी हरकत वेगळी आहे. किलोमीटर हे कारण नव्हे. किलोमीटरमुळं एखादी वस्तू झिजते, फाटते, तुंबते किंवा सैल होते, आणि ती वस्तू कोणती हे शोधण्याचेच तर आपण पैसे देतो. ‘वय झालं’ एवढंच ऐकायचं असतं तर त्यासाठी शंभर रुपये टोकन देऊन बाकावर कशाला बसायचं?

आता प्रकरणाचा तपशील. वाईला आमचं हार्डवेअरचं दुकान आहे. पिकअप २०१७ सालची, भारत स्टेज चार, चार सिलिंडरचं कॉमन रेल डिझेल इंजिन. पुण्याहून माल भरायचा, पाइप, पत्रे, रंगाचे डबे, आणि शिरवळ, खंडाळा करत खंबाटकी चढून सुरूरला वळायचं. गेली कित्येक वर्षं गाडीनं हे विनातक्रार केलं. मग घाटात ती दम खायला लागली. तिसऱ्या गिअरमध्ये भार आला की मागं काळा धूर, इतका काळा की आरशात मागची गाडी दिसेना. ॲव्हरेज साडेबारावरून नऊवर आलं. मीटरवर इंजिनाचा पिवळा दिवा लागला. आणि इंजिन गरम असताना बंद केलं, की पुन्हा चालू व्हायला पाच-सहा सेकंद जास्त सेल्फ मारावा लागे. सकाळी थंड असताना मात्र अर्ध्या सेल्फात चालू.

हे सगळं मी कागदावर लिहून नेलं होतं. धूर कधी येतो, कोणत्या गिअरमध्ये, गाडीत माल किती, दिवा कुठं लागला. काउंटरवरच्या मुलानं कागद उलटा-सुलटा पाहिला, बाजूला ठेवला आणि जॉबकार्डावर टाइप केलं : ‘धूर, पिकअप कमी, जनरल चेकअप.’

‘फक्त चढावर’ गेलं. ‘माल असताना’ गेलं. ‘गरम असताना’ गेलं. मी त्याला म्हटलं, ‘‘बाळा, नेमकं तेवढंच लिही आणि बाकीचं सोड.’’ तो म्हणाला, ‘‘काका, रकाना तेवढाच आहे.’’ आता सांगा, निदान म्हणजे दुसरं काय असतं? बिघाड कधी होतो आणि कधी होत नाही, या दोन्हींच्या मधली फट म्हणजे निदान. ती फटच रकान्यात मावत नव्हती. मेकॅनिकच्या हातात गेली ती धूर काढणारी आणखी एक जुनी गाडी, बस.

डिझेल इंजिनाचा धूर हा त्याचा जबाब असतो. काळा असेल तर डिझेल जास्त होतंय किंवा हवा कमी पडतेय. निळसर असेल तर ऑइल जळतंय. पांढरा असेल तर डिझेल न जळता बाहेर येतंय, नाहीतर कूलंट आत शिरतंय. आमचा जबाब स्पष्ट काळा होता, आणि तोही फक्त इंजिनावर भार असताना. म्हणजे पहिला प्रश्न, हवा कुठं कमी पडते. पण मुख्य मिस्त्रींनी आधी ऑइलचं झाकण उघडलं, आतून येणाऱ्या वाफेवर तळहात धरला आणि सांगितलं, ‘‘बॅक मारतंय. रिंगा गेल्या. हाफ इंजिन काढावं लागंल.’’ तीन लाख चाललेल्या कुठल्याही इंजिनात झाकणाखालून थोडी वाफ येतेच. रिंगा गेल्या असतील तर दोन सर्व्हिसिंगच्या मध्ये ऑइलची पातळी खाली जाते. आमची जात नव्हती. ऑइल जळत असतं तर धूर निळा असता, तो नव्हता. आणि खरोखर शंका असेल तर प्रत्येक सिलिंडरचं कॉम्प्रेशन मोजायचं गेज असतं. ते त्यांच्याच भिंतीवर, खिळ्याला टांगलेलं होतं. त्यावर धूळ होती. मी बोट दाखवलं. मिस्त्री म्हणाले, ‘‘त्याला लई टाइम जातो.’’ हाफ इंजिन काढायला किती टाइम जातो हे मी विचारलं नाही. चारचौघांत बोलायची ती वेळ नव्हती.

मग स्कॅनर आला. स्टिअरिंगखाली सोळा पिनांचं एक सॉकेट असतं, त्यात वायर खोचायची आणि गाडीच्या ईसीएमनं, म्हणजे इंजिनाच्या कॉम्प्युटरनं, काय नोंदवून ठेवलंय ते वाचायचं. कोड निघाला पी ०४०१. त्याचा अर्थ, ईजीआरचा प्रवाह अपेक्षेपेक्षा कमी. ईजीआर म्हणजे सायलेन्सरकडं जाणाऱ्या गॅसचा थोडा भाग वळवून पुन्हा इंजिनात सोडणारा व्हॉल्व्ह. त्यानं सिलिंडरमधलं जळण थोडं थंड होतं आणि नायट्रोजनचे विषारी ऑक्साइड कमी तयार होतात. कोडमध्ये ईजीआर हा शब्द आला, म्हणून ईजीआर व्हॉल्व्ह बदलायचा, असा हुकूम तिथल्या तिथं झाला.

इथं मला थोडं थांबायचं आहे, कारण अन्यायाचं मूळ याच जागी आहे. कोड हा निकाल नसतो, ती फिर्याद असते. आमच्या गाडीत त्या व्हॉल्व्हमधून किती गॅस जातो ते मोजणारा वेगळा सेन्सर नाही. एअर फिल्टरनंतर एक एअर फ्लो सेन्सर बसवलेला असतो, तो बाहेरून येणारी ताजी हवा मोजतो. ईजीआर उघडला की जुना गॅस जागा खातो, ताजी हवा कमी ओढली जाते, आणि तेवढ्यावरून ईसीएम हिशेब करतो. हवा अपेक्षेइतकी कमी झाली नाही, तर त्याची समजूत होते की व्हॉल्व्ह नीट उघडला नाही. आता मोजलेली हवा इंजिनापर्यंत पोचण्याआधीच वाटेत कुठं गळत असेल तर? सेन्सरला आकडा जास्त दिसणार, ईसीएम व्हॉल्व्ह आणखी उघडणार, इंजिनाला खरी हवा आणखी कमी मिळणार, काळा धूर येणार, आणि दोष मात्र व्हॉल्व्हच्या नावावर चढणार. हे मी मिस्त्रींना एकदा सांगितलं, हळू आवाजात, कारण कुणाच्या धंद्यात आपण बोलू नये. ते म्हणाले, ‘‘शेठ, मशीन खोटं बोलत नाय.’’ मशीन खोटं बोलत नाही हे मलाही मान्य आहे. पण त्याचं पूर्ण ऐकून तर घ्या!

पूर्ण ऐकायची सोय असते, हे त्याहून वाईट. कोड नोंदवला गेला त्या क्षणी इंजिनाचे फेरे किती होते, भार किती, कूलंटचं तापमान किती, गाडीचा वेग किती, हे सगळं ईसीएम सोबत जपून ठेवतो. त्याला फ्रीझ फ्रेम म्हणतात. घटनास्थळाचा आयता पंचनामा. खंबाटकीतला तो क्षण, जो जॉबकार्डाच्या रकान्यात मावला नव्हता, तो गाडीनं स्वतः लिहून ठेवला होता. आणि ज्या पोरानं स्कॅनर लावला होता त्यानं कोड वाचला, मान डोलावली, आणि दुसरं बटण दाबून सगळं पुसून टाकलं. दिवा विझला. त्यानं माझ्याकडं पाहून अंगठा वर केला.

कोड पुसला की फ्रीझ फ्रेमही जाते. पुरावा गेला. कुठल्याही पोलीस चौकीत हे चालत नाही. गॅरेजात त्याचे स्कॅनिंग चार्ज लागतात.

ईजीआर व्हॉल्व्ह नवीन बसला. आकडा सांगत नाही, पण त्या रकमेत दुकानाच्या पुढच्या शेडवर नवे पत्रे आले असते. गाडी पुण्याला गेली, माल भरला, परतताना खंडाळा सोडून घाटाला लागली आणि तिसऱ्या गिअरमध्ये दिवा पुन्हा लागला. कोड तोच. फोन केला तर उत्तर आलं, ‘‘मग आता एअर फ्लो सेन्सर बदलून बघू.’’ बदलायचं त्यांनी आणि बघायचं मी, खर्चाच्या बाजूनं. असं एकेक बदलत गेलं तर शेवटी बिघाड सापडेलच, कारण बिघडलेली गाडी शिल्लकच राहणार नाही.

त्यानंतर सल्लागारांचा दुसरा वर्ग आला. हे मीटर बघत नाहीत, ते इकडं-तिकडं बघतात, आवाज खाली आणतात आणि म्हणतात, ‘‘प्लेट टाकून देऊ.’’ म्हणजे ईजीआरच्या तोंडावर पत्र्याचा एक तुकडा बसवून वाट कायमची बंद करायची, आणि दिवा लागू नये म्हणून ईसीएमचा प्रोग्रॅम बदलून टाकायचा. ‘‘सगळीच टाकतात शेठ. गाडी मोकळी पळते.’’ शिवाय सायलेन्सरमधला कॅटॅलिटिक कन्व्हर्टर आतून फोडून रिकामा करायचा, हाही जोडसल्ला. मी दोन्हीला नकार दिला, आणि इथं मला अगदी मोकळेपणानं बोलायचं आहे. घाटात माझ्या गाडीमागं दुचाकी असतात. दुचाकीवर पुढं बाप, मागं आई, मध्ये दप्तर पाठीला लावलेलं पोर. ओव्हरटेकला जागा नसते, वळणं संपेपर्यंत त्यांना माझ्याच मागं राहावं लागतं. त्या पोराच्या नाकात काय जावं हे पत्र्याच्या तुकड्यानं ठरवायचं नाही. धूर बंद व्हावा म्हणून मी आलो होतो; धुराची नोंद बंद व्हावी म्हणून नव्हे.

पण या सगळ्यात सर्वांत मोठा अन्याय झाला तो माझ्यावर नाही. तो आमच्या ड्रायव्हर काकांवर झाला.

ॲव्हरेज साडेबारावरून नऊवर आलं हे मी सांगितलं. वाई-पुणे-वाई साधारण १८० किलोमीटर धरा. पूर्वी चौदा-साडेचौदा लिटर लागत, आता वीस. म्हणजे दर फेरीला साडेपाच-सहा लिटरचा फरक. हा आकडा मी जिथं जिथं बोललो, गॅरेजात, पंपावर, शेजारच्या दुकानात, अगदी पाहुण्यांत, तिथं तिथं समोरचा माणूस एक डोळा बारीक करी आणि विचारी, ‘‘ड्रायव्हर कोण आहे?’’ बॉनेट उघडलेलं नाही, टायरची हवा बघितलेली नाही, फिल्टरला हात लावलेला नाही. पण आरोपी निश्चित. गाडी घेतली त्या दिवसापासून काका तिच्यावर आहेत. एकदा तर गॅरेजच्या बाकावर ते माझ्या शेजारीच बसलेले असताना मिस्त्री मला म्हणाले, ‘‘पाच लिटर कुठं जातंय ते आधी घरात बघा.’’ काका काहीच बोलले नाहीत. दुसऱ्या दिवसापासून ते पंपाच्या प्रत्येक पावतीमागं त्या वेळचं किलोमीटर लिहून पावत्या टाचणीनं लावून आणायला लागले. आणि रात्री गाडी लावली की डिझेल टाकीच्या झाकणाची किल्ली माझ्या टेबलावर ठेवून जायला लागले. मी ती परत देत होतो, ते पुन्हा ठेवत होते. एका आकड्यामुळं एका माणसानं स्वतःला निर्दोष सिद्ध करत फिरावं, हे कुठल्या नियमात बसतं?

ॲव्हरेज मोजायची रीत सरळ आहे. त्याच पंपावर, त्याच नोझलवर टाकी पूर्ण भरायची, ऑटो कट लागला की थांबायचं, फेरी करून पुन्हा तशीच भरायची. आम्ही ते केलं, मी स्वतः सोबत बसून. फरक तेवढाच. पंपावरचं मापही तपासून घेतलं. पाच लिटरचं प्रमाणित माप मागून डिझेल मोजून बघायचा हक्क प्रत्येक ग्राहकाला आहे, आणि पंपावरच्या माणसानं जरा कपाळाला आठ्या घातल्या तरी तो आणून देतो. माप बरोबर होतं. घाट उतरून सुरूरला थांबल्यावर काकांनी चारही चाकांच्या ब्रेकजवळ हात नेऊन बघितला, एखादा ब्रेक धरून राहिला असेल तर ते चाक बाकीच्यांपेक्षा जास्त तापतं. सगळी सारखीच होती. टायरची हवा ठीक. डिझेल फिल्टरच्या बुडाचा स्क्रू सैल करून पाणी निघतं का पाहिलं. शुद्ध डिझेल निघालं. या सगळ्या तपासण्यांना मिळून खर्च आला तो वडापाव आणि चहाचा. त्या करायला एकाही गॅरेजनं सुचवलं नव्हतं.

एका माणसाचं मात्र नाव घेऊन आभार मानावेत असं वाटतं, पण ते त्यांना आवडणार नाही. साताऱ्याला नोझलचं काम करणारे एक मिस्त्री आहेत. पत्र्याची खोली, आत टेस्ट बेंच, दारात चपला काढायच्या, कारण आत धूळ चालत नाही. त्यांनी मीटर पाहिलं नाही. पहिला प्रश्न विचारला, ‘‘त्रास गार असताना, का गरम?’’ मला गहिवरून आलं.

कॉमन रेलमध्ये पंप डिझेल दाबून एका जाड नळीत भरतो, हजार-दीड हजार बारपर्यंत, आणि तिथून चारही इंजेक्टरना, म्हणजे सिलिंडरमध्ये डिझेल फवारणाऱ्या नोझलना, वाटतो. इंजेक्टरच्या आतला व्हॉल्व्ह उघडताना थोडं डिझेल परतीच्या नळीनं टाकीकडं जातं. तेवढं ठीक. पण एखाद्याच्या आतली सीट झिजली, की तो जास्त डिझेल परत सोडतो आणि सगळ्यांचा दाब खाली आणतो. त्यात गरम डिझेल पातळ होतं, मग तर आणखी निसटतं. सेल्फ मारताना रेलमध्ये ठरावीक दाब झाल्याशिवाय ईसीएम डिझेल सोडतच नाही, म्हणून गरम इंजिन चालू व्हायला उशीर. हे त्यांनी मला तोंडानं सांगितलं नाही, दाखवलं. चारही इंजेक्टरच्या परतीच्या नळ्या काढून चार पारदर्शक बाटल्या सलाईनसारख्या बॉनेटला टांगल्या आणि इंजिन चालू ठेवलं. आम्ही तिघं वाकून बघत होतो. तीन बाटल्यांत डिझेल बोटभर चढलं, तिसऱ्या सिलिंडरच्या बाटलीत ते निम्म्याच्या वर गेलं. त्यांनी बाटलीवर पेनानं रेघ मारली, काकांना दाखवली आणि म्हणाले, ‘‘हितं चाललंय बघा तुमचं डिझेल. पण पाच लिटर नाय. हे परत टाकीतच येतं. ॲव्हरेजचं दुसरं कायतरी आहे. हवेचं बघा.’’

एकच इंजेक्टर दुरुस्त झाला. त्याच्या डोक्यावरचा कोड ईसीएममध्ये नव्यानं भरला गेला, कारण प्रत्येक इंजेक्टरची डिझेल सोडायची मात्रा केसभर वेगळी असते आणि ती ईसीएमला कळवावी लागते. गरम असताना गाडी अर्ध्या सेल्फात चालू व्हायला लागली. घाटातला धूर होता तिथंच राहिला. दोन तक्रारी, दोन कारणं. जॉबकार्डाच्या एका रकान्यात ती एकत्र कोंबली गेली नसती तर हे पहिल्याच दिवशी कळलं असतं.

दरम्यान पीयूसीची मुदत संपली. आता नीट ऐका. भारत स्टेज चारच्या डिझेल गाडीला पीयूसीत धुराची मर्यादा आहे १.६२, प्रकाश शोषणाच्या एककात. गाडी न्यूट्रलला उभी करायची, इंजिन तापलेलं असावं, सायलेन्सरमध्ये नळी घालायची, ॲक्सिलरेटर पूर्ण दाबून फेरे वाढवायचे, सोडायचं, आणि पुन्हा. खंबाटकीत आरसा काळा करणारी आमची गाडी तिथं पास झाली. सहज पास झाली. कागद हातात घेऊन मी केबिनमध्ये बसून राहिलो. बनावट काही नव्हतं. नळी आत घातली होती, ॲक्सिलरेटर काकांनी स्वतः दाबला होता. गोष्ट अशी, की उभ्या गाडीत इंजिनावर भारच नसतो. क्षणभर फेरे वाढतात आणि उतरतात, तेवढ्यात हवा दाबून भरणाऱ्या टर्बोला पुरता दाब तयार करायला सवड मिळत नाही. हवेची गळती दाबाखाली उघडते. दाब नाही तर गळती नाही, गळती नाही तर धूर नाही. गुन्हा घाटात घडतो आणि चौकशी पेट्रोल पंपाच्या आवारात होते.

पीयूसी नसेल तर मोटार वाहन कायद्याच्या कलम १९० (२) खाली दहा हजारांपर्यंत दंड होऊ शकतो. २०२१ पासून देशभर प्रमाणपत्राचा नमुना एकच आहे, आणि गाडी नापास झाली तर कारणासह नकारपत्र द्यायचीही तरतूद आहे. ते दाखवून दुरुस्ती करून घ्या म्हणतात. मला ते नकारपत्र मनापासून हवं होतं. कुणीतरी शिक्का मारून लिहून द्यावं, की होय, या गाडीत बिघाड आहे, हा माणूस खरं बोलतोय. मिळालं ते निर्दोषत्वाचं प्रमाणपत्र, वर्षभर मुदतीचं. गॅरेजवाल्यांना ते दाखवल्यावर ते म्हणाले, ‘‘मग पास हाय की. काय पायजे आणखी?’’

शेवटी कारण सापडलं ते काकांना, धुण्याच्या रॅम्पवर. टर्बोनं दाबलेली हवा इंटरकूलरमधून थंड होऊन इंजिनाकडं जाते, ती रबराच्या जाड होजमधून. त्या हवेत टर्बोच्या बेअरिंगमधलं ऑइल अगदी सूक्ष्म प्रमाणात असतंच. होजच्या खालच्या बाजूला, क्लिपच्या अलीकडं, काकांना धुळीचा एक ओलसर, काळा पट्टा दिसला. वरून बघितलं तर होज ठणठणीत. त्यांनी खाली आडवं होऊन क्लिप सैल केली, रबर दोन अंगठ्यांनी वाकवलं, आणि करंगळीच्या पेराएवढी चीर उघडली. सोडली की मिटली. हवेतलं ऑइल तिथून फवारलं जात होतं आणि रस्त्याची धूळ त्यावर बसत होती. खात्रीसाठी आम्ही साबणाचं पाणी लावून होजमध्ये थोडी हवा भरली. फेस चिरेवर फुगून आला. बिनभारात चीर मिटलेली, भार आला की उघडी. पीयूसीत नाही, घाटात हमखास. कोड ईजीआरचा, ॲव्हरेज नऊचं, धूर काळा, सगळं त्या एका चिरेपाशी येऊन मिळालं.

नवीन होज बसवली, सोबत दोन क्लिपा. काकांनी पुण्याहून माल आणला, मी शेजारी बसलो होतो. घाट तिसऱ्या गिअरमध्ये चढला. आरशात मागची पांढरी मोटार शेवटच्या वळणापर्यंत पांढरीच दिसली. पुढच्या टाकीला ॲव्हरेज बाराच्या वर गेलं. किल्ली आता काकांच्या खिशात असते.

यावर कुणी म्हणेल, सापडलं ना, मग आता काय. आता बरंच आहे. गॅरेजकडं माझं लेखी निवेदन पडून आहे. त्यात मागण्या मोजक्या आहेत. ग्राहकानं सांगितलेली तक्रार त्याच्याच शब्दांत जॉबकार्डावर घ्यावी, रकाना कमी पडला तर कागद जोडावा. कोड पुसण्याआधी फ्रीझ फ्रेमसह तो छापून द्यावा. पार्ट बदलण्याआधी काय मोजलं आणि किती आलं ते बिलावर लिहावं. काहीच मोजलं नसेल तर तसं लिहावं. ड्रायव्हरबद्दल बोलायचं असेल तर आधी होज वाकवून बघावी, आणि बोलून झालं असेल तर त्याच बाकावर, त्याच्याच समोर माफी मागावी.

आणि माझा जुना ईजीआर व्हॉल्व्ह परत द्यावा. त्यात काही बिघाड नव्हता. थोडी काजळी होती, ती साफ करून तो आणखी बरीच वर्षं चालला असता. काढलेला पार्ट मालकाचा असतो. तो मागितल्यावर आधी म्हणाले कंपनीला गेला, मग म्हणाले पोरगा बघतो, मग म्हणाले भंगारात गेला असेल. भंगारात गेला असेल तर वजनाची पावती असणार. ती मी मागितली आहे. मुख्य मिस्त्री म्हणाले, ‘‘सोमवारी या शेठ, बघू.’’ सोमवारी ते शटर वर करतील तेव्हा मी आणि काका बाहेरच्या बाकावर असू.